शाळेचा वर्ग आणि वृद्धाश्रमाचं ताट: सोलापुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम कसं करावं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पहिलीच्या बाईंनी मला एक मुलगा दाखवला. "मॅडम, हा तोंडच उघडत नाही. जून गेला, जुलै गेला, एक शब्द नाही." मी चित्रांची कार्डं काढली. गाय दाखवली, घर दाखवलं. तो कार्डाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. मधल्या सुट्टीत तोच मुलगा नळाजवळ तिसरीतल्या बहिणीशी तेलुगूत तावातावानं बोलताना दिसला. कुणीतरी त्याचा डबा सांडला होता आणि घडलेलं सगळं तो क्रमानं, लांबच लांब वाक्यांत सांगत होता. माझं तेलुगू मोडकंतोडकं आहे. पण वाक्यं पूर्ण आहेत आणि बहिणीला सगळं समजतंय, एवढं कळायला ते पुरलं.

त्याच आठवड्यात एका वृद्धाश्रमात गेले. तिथे एक आजोबा दर दोन घासांमागे खोकत होते. "वय झालं की ठसका लागायचाच," असं सगळे म्हणत होते. ताटात कडक भाकरी होती आणि तिच्यावर कोरडी शेंगाचटणी.

बोलण्याच्या आणि गिळण्याच्या, दोन्ही अडचणी स्पीच थेरपिस्टच्याच कामात येतात, म्हणून ही दोघं डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिते आहे. पदवी घेऊन नुकतेच सोलापूर जिल्ह्यात परतलेले किंवा इथे संस्थांमध्ये काम सुरू करू पाहणारे यांच्यासाठी तो आहे. थेरपिस्ट आठवड्यातून अर्धा-पाऊण तास भेटते. बाकी सगळा वेळ मुलाच्या कानावर बाईंचं, आईचं, मित्रांचं बोलणं पडतं, आणि आजोबांना घास मावशी भरवतात. त्या माणसांना तयार केलं नाही तर आपला अर्धा तास वाया जातो. पुढची प्रत्येक पायरी याच गोष्टीकडे वळते.

आधी कागदपत्रं

बारावी विज्ञान झाल्यावर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची चार वर्षांची पदवी करतात. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. सोलापुरातली मुलं बहुतेक पुण्याला भारती विद्यापीठात, मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जातात (ही राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली). काही जण म्हैसूरची अखिल भारतीय संस्था गाठतात. डीएचएलएस ही श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांची एक वर्षाची पदविकाही आहे. ती साहाय्यकाच्या कामासाठी आहे, स्वतंत्रपणे निदान करण्यासाठी नाही.

पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी करावीच लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करा, त्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे गुण दरवर्षी थोडे थोडे जमवा आणि प्रत्येक अहवालावर सहीखाली नोंदणी क्रमांक लिहा. शाळांनी आणि संस्थांनीही हा क्रमांक मागायला हवा. "दहा दिवसांत मूल बोलतं करतो" असं सांगणारे लोक आपल्याच गावात दुकान थाटून बसलेले असतात, म्हणून हे आग्रहानं सांगते.

काम मिळवताना काय लिहून घ्यावं

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. सरकारी बाजूला सिव्हिल हॉस्पिटलचा कान-नाक-घसा विभाग, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतलं समावेशित शिक्षण (दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवणं) आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात, आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं तिथेच पहिल्यांदा नजरेस येतात. याशिवाय कर्णबधिर मुलांच्या शाळा, मतिमंद मुलांच्या शाळा, खासगी इंग्रजी शाळा, वृद्धाश्रम आणि पक्षाघाताचे रुग्ण सांभाळणारी केंद्रं आहेत. पूर्ण पगाराची नोकरी क्वचित मिळते. बहुतेक जण स्वतःचं छोटं क्लिनिक चालवून आठवड्यातले दोन-तीन दिवस संस्थांना देतात.

पहिल्या वर्षी दोन शाळा आणि एक वृद्धाश्रम एवढंच घ्या. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, पंढरपूर आणि बार्शी सत्तरेक. एसटीनं रोज ये-जा करत आठ ठिकाणी हजेरी लावली तर कुठेच कुणाचं बोलणं सुधारत नाही.

संस्थेशी ठरवताना मानधनाआधी चार गोष्टी कागदावर आणा. एक, एका दिवसात जास्तीत जास्त किती मुलं किंवा किती रुग्ण बघायचे. दोन, बसायला अशी खोली की जिचं दार उघडं ठेवता येईल आणि तरी आवाज कमी असेल. तीन, दर आठवड्याला वर्गशिक्षकांची पंधरा मिनिटं. चार, वृद्धाश्रम असेल तर दोन्ही पाळ्यांतल्या मावशींसाठी महिन्यातून एक तास. तिसरा आणि चौथा मुद्दा संस्थाचालक हसून बाजूला सारतात. तिथे अडून बसा. या दोन गोष्टी मिळत नसतील तर ते काम घेऊ नये, असं मी आता स्पष्ट सांगते.

शाळेतला पहिला आठवडा: पिशवी उघडू नका

पहिल्या दिवशी कार्डं, आरसा, खेळणी काही काढू नका. वर्गात मागच्या बाकावर बसा. पंखा किती आवाज करतो? खिडकीबाहेर यंत्रमाग आहे का? बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात का? कोण शेजारच्याचं बघून मग वही उघडतो? या शेवटच्या मुलाकडे नीट लक्ष द्या. त्याला सूचना ऐकू येत नसेल किंवा ऐकू येऊनही कळत नसेल.

मग बाईंना विचारा. "कुणात दोष आहे?" असं विचारलं तर त्या दोन नावं सांगतील. त्याऐवजी विचारा, "कुणाचं बोलणं तुम्हाला दुसऱ्यांदा विचारावं लागतं? गोष्ट सांगा म्हटल्यावर कोण एकाच शब्दात उत्तर देतं? हजेरी देताना कोण अडखळतं?" आता सहा-सात नावं येतात आणि ती बहुधा बरोबर असतात.

शब्दांचाही घोळ असतो. अनेक घरांत बोबडं आणि तोतरं एकच समजतात. बोबड्या बोलण्यात ध्वनी बदलतात, राजाचा लाजा होतो. तोतरेपणात शब्द माहीत असतो, म्हणताही येतो, पण सुरुवातीलाच अडकतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून पालक "बोबडा आहे" म्हणाले तरी आपण मुलाचं बोलणं ऐकल्याशिवाय काही लिहू नये.

ज्या मुलांची नावं येतील त्यांचे कान आधी तपासून घ्या. हा क्रम मोडू नका. कान वाहणं आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की आईला ते सांगण्यासारखंही वाटत नाही. "पावसाळ्यात वाहतो, मग बरा होतो," असं ती सहज म्हणते. सिव्हिलला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची यंत्रावरची तपासणी, करून घ्या. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांची रोज सकाळी एक साधी चाचणी बाईंनाही करता येते. मुलाच्या मागे उभं राहून, तोंड न दाखवता, एकेक करून आ, ऊ, ई, म, श, स हे सहा ध्वनी म्हणायचे आणि ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. या सहांत खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे बोलण्यातले ध्वनी येतात. काल स ऐकू येत होता आणि आज येत नाही, तर बॅटरी बघा, कानातला साचा मळानं भरलाय का बघा. महिनाभर मेलेल्या बॅटरीचं यंत्र लावून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

घरी कोणती भाषा?

सोलापुरात हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा. विणकरीसाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांचं तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडचं कन्नड, मुस्लिम घरांतली दखनी आणि या सगळ्यांभोवती मराठी. पुस्तकातली मराठी पुण्याची असते. मूल मात्र गल्लीत "काय करलालास बे?" ऐकत वाढलेलं असतं. "तो जेवलालाय" म्हणणाऱ्या मुलाचं व्याकरण चुकलेलं नाही. ती त्याच्या गावाची मराठी आहे. चाचणीत त्याला चूक म्हणून गुण कापणं हा त्या मुलावर अन्याय आहे. "जेवतोय" हे रूप वर्गात शिकवायला हरकत नाही. ते शिकवणं बाईंचं काम आहे, त्यावर उपचार करायचे नसतात.

ध्वनींचंही तसंच. दखनी बोलणारं मूल "शाळा"ला "शाला" म्हणेल, कारण त्याच्या घरच्या भाषेत ळ नाही. तेलुगू आणि कन्नडमध्ये ळ आहे, म्हणून त्या घरांतल्या मुलांना तो सहज येतो. उलट रोजच्या बोलीतल्या तेलुगूत महाप्राण, म्हणजे ख, भ, फ असे हवेच्या झोतासह निघणारे ध्वनी, फारसे उरत नाहीत, म्हणून "भाजी"ची "बाजी" आणि "फूल"चं "पूल" होऊ शकतं. "माझा पुस्तक" असं म्हणणाऱ्या तेलुगूभाषक मुलाला मराठीतलं नपुंसकलिंग अजून बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग खरी अडचण ओळखायची कशी? ती घरच्या भाषेतही दिसते. आई तेलुगूत म्हणते, "आमचंही त्याला नीट कळत नाही, धाकटा याच्यापेक्षा चांगलं बोलतो." हे वाक्य ऐकलं की मी लगेच सविस्तर तपासणी ठेवते.

घरची भाषा आपल्याला येत नसेल तर मोठी बहीण, आजी किंवा अंगणवाडीताईंना सोबत बसवा. आधी त्यांना सांगून ठेवा: मूल जे बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, सुधारून सांगायचं नाही आणि उत्तर सुचवायचं नाही. माणसं मायेपोटी सुधारून सांगतात, म्हणून दोन उदाहरणं करून दाखवावी लागतात.

आणि एक गोष्ट कुणालाही सांगू नका: "घरी मराठीच बोला" किंवा "इंग्रजीच बोला." दोन भाषा ऐकल्यामुळे भाषेचा आजार होत नाही. आईला जी भाषा मनापासून येते त्याच भाषेत ती गोष्ट सांगते, रागावते, अंगाई म्हणते. ती भाषा काढून घेतली तर मुलाच्या वाट्याला आईची मोजकी, अवघडलेली वाक्यं येतात. सुरुवातीला सांगितलेल्या मुलासाठी मी काहीही उपचार लिहिले नाहीत. बाईंना त्याच्या शेजारी तेलुगू येणारी एक बोलकी मुलगी बसवायला सांगितली, आणि रोज वापरायचे दहा मराठी शब्द चित्रांसह भिंतीवर लावले. दिवाळीच्या सुट्टीआधी तो "बाई, पाणी" म्हणायला लागला होता.

एक सत्र जवळून

सहा वर्षांची मुलगी. "काकू"ला "तातू" म्हणते, "गाडी"ला "दाडी". म्हणजे जिभेच्या मागच्या भागानं काढायचे ध्वनी ती पुढच्या टोकानं काढते. या वयात हे उरायला नको.

तिला लगेच "क म्हण" असं सांगून उपयोग नसतो. आधी तिच्या कानाला फरक कळायला हवा. दोन चित्रं ठेवली: कान आणि तान. तान म्हणजे तोंड उघडून गाणारी बाई. मी म्हणायचं, तिनं बोट ठेवायचं. दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ लागलं की पुढे जायचं. मग आरसा. तोंड मोठं उघडून तिनं जिभेचं टोक खालच्या दातांमागे दाबून धरायचं. टोक वर उठायला लागलं तर स्वच्छ चमच्याच्या मागच्या बाजूनं मी ते हलकंच खाली धरते. मान थोडी मागे आणि घशात गुळण्यासारखा आवाज. तिसऱ्या दिवशी एकदम स्पष्ट "क्" निघाला आणि ती स्वतःच दचकून आरशात बघायला लागली. मग का, की, कू. मग कान, काका, केळं. मग शब्दाच्या मधला क, शेवटचा क, मग वाक्य. वर्गात पोचेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. शेवटच्या टप्प्यात बाई रोज तिला एकच प्रश्न विचारतात, ज्याच्या उत्तरात क असलेला शब्द येतो.

घरच्या सरावाचं काय? तिची आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणून तिच्याकडे "रोज वीस मिनिटं मुलाला घेऊन टेबलाशी बसा" एवढी सवड नाही. पण विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान आणि तोंड मोकळं असतं. मी तिला ऐकण्याचा खेळ शिकवला. मुलीनं तंबाखूपासून लांब, दारात बसायचं. आई शब्द म्हणेल: काठी, ताट, काप, ताप. क आला की टाळी. आठवडाभरानं आईच मला सांगत आली, "ताई, आता ती माझीच चूक काढती."

तोतरेपणाबद्दल वर्गात तीनच गोष्टी सांगते. "सावकाश बोल, श्वास घे" म्हणू नका. वाक्य त्याच्यासाठी पुरं करू नका. तो थांबला तर त्याच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांत बघत थांबा. मोठ्यानं वाचायची वेळ आली की सुरुवातीला दोघांनी मिळून वाचू द्या. एका सुरात वाचताना अडखळणं बहुतेकदा विरतं आणि मुलाला वर्गासमोर उभं राहायचं धैर्य येतं.

बोलतच नाही अशा मुलाला, विशेषतः स्वमग्न मुलाला, बोलेपर्यंत थांबवून ठेवू नका. पाणी, शू, नको, अजून, दुखतंय अशा चित्रांची पट्टी त्याच्या बाकाला बांधा आणि बाईंनी स्वतः ती बोटानं दाखवत बोलायचं. चित्रांमुळे मूल बोलायचं थांबेल ही पालकांची भीती खरी असते. त्यांना समोर बसवून मुलाला ती पट्टी वापरताना दाखवा. जिभेला मध-वेखंड लावणं आणि तपासणीशिवाय जिभेखालचा पडदा कापून घेणं, या दोन्हींबद्दलही त्याच बैठकीत शांतपणे बोला. जीभ बाहेर येते, वर उचलली जाते, मूल नीट खातं-पितं, तर उशिरा बोलण्याचं कारण तो पडदा नसतो. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर "याचा बाप पण उशिरा बोललेला" म्हणून वाट बघत बसू नका, तपासणीला आणा.

अहवाल मराठीत, एका पानात लिहा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आपण देत नाही. ते सरकारी रुग्णालयातून मिळतं आणि त्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत वाचा आणि भाषेचा दोषही आहे, हे पालकांना माहीतच नसतं. ते सांगणं, कोणती कागदपत्रं न्यायची ती लिहून देणं आणि शिष्यवृत्तीची, परीक्षेतल्या सवलतींची चौकशी कुठे करायची ते दाखवणं हे आपलंच काम.

मुलाबरोबर एकटं बसताना दार उघडं ठेवा. चेहऱ्याला, तोंडाला हात लावण्याआधी मुलाला सांगा. मूल काही वाईट अनुभव सांगू लागलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी गोष्ट पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे.

वृद्धाश्रमात: आधी एक जेवण पूर्ण बघा

इथे माझी एक चूक सांगते. एका संस्थेत मी एका आजोबांच्या गिळण्याची तपासणी करून आठ पानी इंग्रजी अहवाल दिला. सगळं नेमकं लिहिलं होतं. महिन्यानं गेले तर अहवाल कपाटात होता आणि ताटात तीच कडक भाकरी. आजोबा तापानं रुग्णालयात गेले होते. भरवणाऱ्या मावशींना माझं एक वाक्यही पोचलं नव्हतं. त्यानंतर मी अहवाल फाइलला लावते, पण आधी पलंगाच्या डोक्याशी मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी लावते आणि मावशींच्या हातात चमचा देऊन त्यांच्याकडून ते करून घेते.

दुपारचं जेवण सुरू व्हायच्या आधी जा आणि संपल्यावर अर्धा तास थांबा. काय बघायचं? माणूस टेकून, मान मागे टाकून बसलाय का? भरवणारी व्यक्ती उभी आहे का? उभ्यानं भरवलं की खाणारा मान वर करतो आणि अन्न श्वासनलिकेत जायची वाट मोकळी होते. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा होतो का? गालात घास साठतो का? कवळी हलते का? एका जेवणाला पाऊण तासाहून जास्त लागतो का? वारंवार ताप, छातीत कफ, उतरणारं वजन हे जेवणाशी जोडून बघा. काही जणांना अन्न चुकीच्या वाटेनं गेलं तरी खोकलाच येत नाही. पक्षाघातानंतर हे विशेष दिसतं. म्हणून "खोकत नाही, म्हणजे ठीक आहे" असं धरू नका. शंका आली की डॉक्टरांशी बोलून मोठ्या रुग्णालयात नाकातून दुर्बिणीनं किंवा बेरियम देऊन क्ष-किरणाखाली गिळण्याची तपासणी करून घ्या. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कुणाचा आहार बदलू नका आणि नाकातली नळी काढायचा निर्णय एकट्यानं घेऊ नका.

आता आपलं सोलापुरी ताट. कडक भाकरीचे टोकदार तुकडे होतात, ते चावून एकत्र गोळा व्हायला भरपूर लाळ आणि दात लागतात. शेंगाचटणीचा कोरडा चुरा घशात पसरतो. चुरमुरे, फुटाणे त्याच गटातले. आमटीत भाकरी कुस्करून दिली की सगळ्यांना वाटतं, आता मऊ झालं. पण तुकडे आणि पातळ पाणी वेगवेगळं राहिलं तर तोंडाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात: घट्ट चावायचं आणि पातळ आवरायचं. ते सगळ्यांत अवघड. भाकरी दुधात किंवा दाट वरणात पूर्ण मुरवा, वर पाणी दिसता कामा नये. शेंगाचटणी सोडवत नसेल तर दह्यात नीट कालवून दाटसर करा, दाणा लागणार नाही इतकी बारीक. अनेक वर्षं ज्या चवीवर जेवण झालं ती चव काढून घेतली की आजी-आजोबा जेवायचंच सोडतात, म्हणून पोत बदला आणि चव ठेवा.

मऊपणा मोजायला उपकरण लागत नाही. शिजलेला तुकडा काट्यानं दाबा. अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्याच जोरात तो चुरडला आणि पुन्हा उठला नाही, तर मऊ आहे. पातळ पदार्थांसाठी आयडीडीएसआय या खाण्यापिण्याच्या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतली, जगभर वापरली जाणारी सिरिंजची चाचणी आहे. दहा मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोक बोटानं बंद करून दहा मिली भरा, बोट सोडा, दहा सेकंद मोजा. सगळं वाहून गेलं तर साधं पातळ. एक ते चार मिली उरलं तर पहिली पातळी, चार ते आठ दुसरी, आठहून जास्त तिसरी. काहीच वाहिलं नाही तर चौथी. सिरिंजा सगळ्या सारख्या नसतात. शून्य ते दहाच्या खुणेचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेलीच घ्या. ज्वारीची आंबील या चाचणीत रोज वेगळी येते, म्हणून स्वयंपाकघरात एक सिरिंज टांगून ठेवा आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाच मोजू द्या. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत गेला की लाळेनं पिठाळ पदार्थ पातळ होत जातो, हेही त्यांना दाखवा. भरवायचं वाढून घ्या, वाटी वेगळी ठेवा.

एक सावधगिरी. खबरदारी म्हणून सगळ्यांचं पाणी दाट करून टाकू नका. दाट पाणी माणसं कमी पितात. सोलापूरच्या मे महिन्यात त्याचा परिणाम दोन दिवसांत दिसतो: लघवी कमी, गुंगी, गोंधळ. ज्याला तपासणीनंतर गरज आहे त्यालाच द्या आणि दिवसभरात किती प्यायलं ते लिहून ठेवा.

मावशींना शिकवायच्या चार गोष्टी: सरळ बसवा, समोर खुर्ची घेऊन बसा, आधीचा घास गिळलेला पाहिल्यावरच पुढचा द्या, आणि जेवणानंतर तोंड साफ करून अर्धा तास आडवं करू नका. तोंड साफ करणं यातलं सगळ्यांत दुर्लक्षित. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. ज्यांना दात नाहीत, जे नळीवर आहेत, त्यांचंही तोंड दिवसातून दोनदा पुसायचं.

वाचा गेलेल्या माणसाशी बोलणं

पक्षाघातानंतर एका आजींना "हो" सोडून काही म्हणता येत नव्हतं. पाणी हवं का, हो. झोपायचंय का, हो. भूक नाही ना, हो. घरचे म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. एका सकाळी मी हरिपाठाची पहिली ओळ म्हटली आणि थांबले. पुढची ओळ आजींनी पूर्ण म्हटली, सुरात. मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

पाठ असलेलं बोलणं, म्हणजे आरती, ओव्या, आकडे, वार, मेंदूत निराळ्या वाटेनं येतं. ते शाबूत राहू शकतं. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं परत येतं असं नाही, पण तिथून सुरुवात करता येते. आजींसोबत आम्ही आकडे म्हणत म्हणत "दोन" वर थांबायला शिकलो: "किती पोळ्या?" "एक, दोन." मग हो-नाही पक्कं करण्यासाठी प्रश्नांऐवजी दोन वस्तू समोर धरल्या, चहा आणि दूध. त्यांनी हात केला त्या वस्तूचं नाव मी म्हणायचं, त्यांनी सोबत म्हणायचं. घरातल्यांचे, देवळाचे, त्यांच्या गल्लीचे फोटो एका वहीत चिकटवले. भाषा त्यांची होती तीच ठेवली. तेलुगूत संसार केलेल्या माणसाला मराठी कार्डं देऊ नका.

आणि इथेही आधी कान. गिरणीत किंवा यंत्रमागावर अनेक वर्षं काढलेल्या माणसांचे कान खडखडाटानं गेलेले असतात. त्यांना आवाज ऐकू येतो, पण स, श, त, क असे वरच्या पट्टीतले ध्वनी निसटतात आणि शब्द कळत नाही. ते भलतंच उत्तर देतात आणि नोंदवहीत "विस्मरण" असं लिहिलं जातं. त्यांच्या कानात ओरडू नका. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, टीव्ही बंद करा आणि छोटं वाक्य बोला. मळ काढून घेतल्यावर आणि श्रवणयंत्र बसवल्यावर अर्ध्याहून जास्त गोंधळ संपलेला मी एका आजोबांच्या बाबतीत पाहिला आहे.

दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची पलंगावरची पाटी पुन्हा तपासा. माणूस सुधारतो, ढासळतो, दात काढतात, औषध बदलतं. जुनी पाटी तशीच राहिली तर सुधारलेल्या आजींना वर्षभर पातळ खिचडीच मिळत राहते. आणि नव्या मावशी कामावर आल्या की त्याच दिवशी जा. पाटी वाचून दाखवू नका. त्यांच्या हातात वाटी द्या, समोर खुर्ची ठेवा, आणि पहिला घास त्यांनाच भरवू द्या. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहून आजोबांचा गळा वर-खाली होताना दिसतोय का, ते त्यांना बोटानं दाखवा.